हात माझा हलत नव्हता

कुवेतमधल्या ज्या दुकानदाराने मला स्कोप विकला त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर बदनामी केली म्हणून तोच गळा काढेल, आणि तसले आणखी पुष्कळ आहेत. पण चार गिऱ्हाइकांसमोर तो मला जे बोलला, ते लिहिणार. "काका, स्कोप एकदम ओके आहे. हात हलतोय तुमचा. वय झालं ना आता." वर हसला. माणूस आपल्याकडचाच, मराठी बोलणारा, गणपतीच्या आरतीला शेजारी उभा राहून टाळ्या वाजवणारा. म्हणून जास्त झोंबलं.

फौजेतली माझी सगळी नोकरी ईएमईत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून झाली. साइट, दुर्बिणी, कंपास उघडायचे, साफ करायचे, जुळवून परत बंद करायचे. आता अहमदीकडे तेलाच्या कामावर प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो. मोजमाप हेच पोटापाण्याचं साधन. अशा माणसाला कोणी "हात हलतोय" म्हटलं की त्याचं जेवणावरचं मन उडतं, हे दुकानदाराला कसं कळणार!

रायफल माझी नव्हती, हे आधी सांगून टाकतो. परवाना, रायफल, गोळ्या, सगळं आमच्या कुवेती सहकाऱ्याचं. त्याला आम्ही मुहंदिस म्हणतो. त्याच्याकडे पॉइंट टू-टू आहे, आणि तिच्यावर पंचवीस-तीस दिनारच्या आतला, म्हणजे साधारण आठ हजार रुपयांपर्यंतचा स्कोप त्याला हवा होता. पैसे त्याचे, ओळख माझी. त्यामुळे स्कोप बिघडला तेव्हा नुकसान त्याचं झालं आणि नाक माझं कापलं गेलं. दुकानदाराने निवडून दिलेला स्कोप दिसायला झकास. सहा ते चोवीस पट, पन्नास मिलिमीटरची काच, आत लाल-हिरवा दिवा. "ऑलिंपिकवाले हेच वापरतात," असंही ऐकवून झालं.

इथे जरा थांबतो, कारण ही थाप फार चालते. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. तिथे डायऑप्टर असतो, बारीक भोकाची साइट, मोठं करून दाखवणारी काच नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०१५ मध्ये याच कुवेतला येऊन आशियाई स्पर्धेत ज्युनियर गटाचं प्रोनचं सुवर्ण घेऊन गेला, पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं, ते सगळं स्कोपशिवाय. कुवेतवाल्यांची ऑलिंपिक पदकं तर शॉटगनची. फेहैद अल दिहानीने २०१६ ला रिओत डबल ट्रॅपचं सुवर्ण घेतलं, तेही ऑलिंपिकच्या झेंड्याखाली, कारण तेव्हा कुवेतवर बंदी होती. तिथेही स्कोपचा संबंध नाही. तेव्हा ऑलिंपिकचं नाव काढून कोणी स्कोप विकू लागला, तर तिथूनच पाय काढता घ्यावा.

आता रेंजवर काय झालं ते. पहाटे गेलो होतो. पन्नास मीटरवर सँडबॅगवर रायफल टेकवून मुहंदिसने झिरो केलं, पाच गोळ्यांचा ग्रुप रुपयाएवढ्या जागेत आला. दुकानदार म्हणतो तसा माल असता तर गोष्ट इथेच संपली असती, आणि बहुतेक लोक इथेच संपवतात. ग्रुप आला, स्कोप चांगला! पण ग्रुप येणं ही फक्त स्कोप जागेवर बसून राहतो याची खूण. फिरवल्यावर तो सांगितलं तेवढा फिरतो का आणि परत जागेवर येतो का, हे वेगळंच प्रकरण. त्यासाठी चौकोन मारायचा. नेम त्याच एका ठिपक्यावर ठेवायचा, चाळीस क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या, चाळीस खाली, तीन, चाळीस डावीकडे, चाळीस वर. शेवटच्या गोळ्या पहिल्या भोकांवर पडल्या पाहिजेत. कोनाच्या पाव मिनिटाच्या क्लिकला पन्नास मीटरवर गोळी साधारण ३.६ मिलिमीटर सरकते, म्हणजे चाळीस क्लिकला साडेचौदा सेंटीमीटर.

आमचा चौकोन चौकोन झालाच नाही. उजवीकडे अकरा सेंटीमीटर गेला, खाली जाताना तिरका घसरला, आणि शेवटचा ग्रुप घरी परतलाच नाही, तीन बोटं बाजूला पडला. मुहंदिस माझ्याकडे बघू लागला. तो काही बोलला नाही, सभ्य माणूस आहे. मी टरेटवर, म्हणजे क्लिक द्यायच्या गोल बटणावर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दोनदा टकटक केलं आणि म्हटलं, काही न फिरवता आणखी एक मार. ती गोळी पहिल्या भोकांच्या दिशेने सरकून पडली. कोणी हात लावला नव्हता, क्लिक दिला नव्हता. तिथे मला सगळं कळलं.

स्कोपच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. तिच्यात चित्र सुलटं करणाऱ्या काचा असतात. ती मागच्या बाजूला बिजागरीसारखी टांगलेली, पुढून वरचा आणि बाजूचा टरेट तिला ढकलतात, आणि समोरून एक स्प्रिंग तिला टरेटवर दाबून धरते. स्वस्त मालात काटकसर होते ती या स्प्रिंगमध्ये. काच बघून गिऱ्हाईक भुलतं, स्प्रिंग कोणाला दिसत नाही. स्प्रिंग दुबळी असली की तुम्ही क्लिक दिलात तरी नळी अडकून राहते. मग एखाद्या धक्क्याने, कधी दुसऱ्या-तिसऱ्या गोळीच्या झटक्याने, एकदम सुटते. कानाला टिकटिक ऐकू येते ती टरेटची, नळीची नव्हे.

हाताचा मुद्दाच उडवून लावायचा म्हणून मी घरी एक काम केलं. आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये स्कोप व्हाइसमध्ये रबराची पट्टी घालून पकडला, रायफल नाही, गोळी नाही, खांदा नाही. पंचवीस मीटरवरच्या भिंतीवर चौकटींचा कागद लावला, एक चौकट अठरा मिलिमीटरची, म्हणजे बरोबर दहा क्लिकची. पॉवर कमी करून क्रॉसहेअर चौकटीच्या कोपऱ्यावर आणलं. दहा क्लिक दिले: क्रॉसहेअर हललं नाही. आणखी दहा: केसभर हललं. टरेटवर टिचकी मारली आणि ते दीड चौकट उडालं! मोबाइल आयपीसला लावून व्हिडिओ काढला. व्हाइसचा हात हलत नाही, एवढं तरी दुकानदार मान्य करेल असं वाटलं होतं.

तो व्हिडिओ त्याने पूर्ण बघितलाही नाही. स्कोप हातात घेतला, दारात जाऊन समोरच्या बकाल्याच्या, म्हणजे वाण्याच्या दुकानाच्या, पाटीवर रोखला, आणि म्हणाला, "क्लिअर दिसतंय ना? मग झालं." मी म्हटलं, दिसतंय, पण फिरवल्यावर जातं कुठे ते बघ. तर म्हणे, "एवढं कोण फिरवतं, काका? एकदा सेट केलं की विसरायचं." मग शेवटचा पत्ता काढला: "रेंजवर नेलात म्हणजे वापरलात. वापरलेला माल परत घेत नाही." रायफलीचा स्कोप रेंजवर न्यायचा नाही तर काय दिवाणखान्यात शोभेला ठेवायचा? हे मी विचारलं, तेव्हाच ते वयाचं वाक्य आलं. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. मुहंदिसला ते मी माझ्या खिशातून देऊ केले, त्याने घेतले नाहीत. त्याने न घेतल्याचंही मला बरं वाटलं नाही.

म्हणून ज्यांना स्वस्तातला स्कोप घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. नवा स्कोप चढवण्याआधी त्याच रायफलवर खात्रीचा जुना स्कोप लावून, त्याच लॉटच्या गोळ्यांनी, त्याच माणसाने ग्रुप मारून तो कागद तारखेसह ठेवावा. मग नवा चढवून मारावा. दोन कागद शेजारी ठेवले की रायफल, गोळी आणि हात तिन्ही आरोपातून सुटतात. माझ्याकडे हा कागद होता, म्हणूनच मी हे एवढं ठासून लिहितोय.

चोवीस पटीच्या नादी लागू नका. आकडा खरा आहे का हे दुकानातच कळतं: स्कोप उजेडाकडे करून आयपीस हातभर लांब धरा, आत एक उजळ गोल ठिपका दिसतो. त्याचा व्यास पट्टीने मोजा. पुढच्या काचेचा व्यास भागिले तो ठिपका, म्हणजे खरी पॉवर. पन्नासच्या काचेला चोवीस पट असेल तर ठिपका दोन मिलिमीटरच्या आसपास हवा. आमचा तीन भरला. म्हणजे सतरा पटही नाही! आणि खरी चोवीस पट असती तरी इथे उपयोग काय? ऊन चढलं की जमिनीवरून उठणारी झळ टारगेटला उकळत्या पाण्यासारखं नाचवते. पॉवर वाढवली की नाचही वाढतो.

डोकं वर-खाली हलवून बघा. रायफल घट्ट टेकलेली असताना क्रॉसहेअर टारगेटवर सरकत असेल तर तो पॅरॅलॅक्स. बरेच स्वस्त स्कोप शंभर यार्डांवर जुळवलेले असतात, पॉइंट टू-टूवाले पन्नासवर. पंचवीस मीटरवर मारणाऱ्याने हे विचारूनच घ्यावं.

पेच आवळताना जोर दाखवू नका. स्कोप धरणाऱ्या रिंगच्या पेचांना साधारण दोन न्यूटन-मीटर पुरे. पातळ अॅल्युमिनियमची नळी चेपली की आतली नळी घासते, आणि मग दुकानदाराला खरंच बोलायला जागा मिळते.

कुवेतच्या हवेचं वेगळं. मित्रिबाहला २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंशांची नोंद झाली आहे, ती सावलीतली. बंद गाडीच्या डिकीत काय होत असेल त्याची कल्पना करा. स्कोप गाडीत ठेवू नका, आतलं हलकं ग्रीस पातळ होऊन काचेवर धुरकट थर चढतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत एसीतून बाहेर आणला की बाहेरच्या काचेवर दव जमणारच, ते पाच मिनिटांत जातं. दव आतून जमलं तर सील गेलंय, नायट्रोजन वगैरे सगळं डब्यावरच राहिलं असं समजा. धुळीचं वादळ येऊन गेल्यावर काच रुमालाने पुसू नका. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, मग कापड. ती धूळ वाळूच आहे, कोटिंग खरवडते.

गावाकडे छऱ्याच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफली घेणारे बरेच आहेत. वीस ज्यूलच्या आतल्या, पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या बंदुकीला भारतात परवाना लागत नाही, म्हणून लोकांना ते खेळणं वाटतं. तिच्यावर मोठ्या रायफलीचा स्कोप चढवला तर टिकेलच असं नाही. तिचा पिस्टन आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देतो, आणि पुढचा झटका सोसायला बहुतेक स्कोप बनवलेलेच नसतात. डब्यावर एअरगनसाठी असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

बिल घ्या. डबा ठेवा. ओळखीच्या माणसाकडून घेत असाल तर बिल दोनदा मागा.

आणि सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेत "एवढं गावाला पोचव" म्हणून स्कोप कोंबू नका, कोणाचा आपल्या बॅगेत घेऊही नका. १९९० च्या आक्रमणानंतर घराघरांत राहिलेली विनापरवाना शस्त्रं गोळा करायला या देशाने २०१५ मध्ये खास कायदा केला. इथे बंदुकीशी संबंधित वस्तूकडे कोणी हसून बघत नाही, आणि विमानतळावर "मला काय माहीत, मित्राने दिलं" हे उत्तर चालत नाही.

मुहंदिसच्या रायफलीवर शेवटी काय बसलं तेही सांगतो. त्याच दुकानदाराने "हा पोरांचा आहे" म्हणून बाजूला सारलेला एक साधा चार पटीचा, बत्तीसच्या काचेचा स्कोप होता. पॉवर बदलत नाही, दिवा नाही, किंमत निम्मी. व्हाइसमध्ये धरून बघितला, चाळीस क्लिक गेला, चाळीस परत आला, कागदाच्या त्याच कोपऱ्यावर. पॉवर बदलायची यंत्रणाच नाही म्हटल्यावर बिघडायला आत कमी वस्तू, आणि त्याच पैशांत राहिलेल्या वस्तू जरा बऱ्या घालता येतात. तो मी घेतला दुसऱ्या दुकानातून. दोन दिनार जास्त पडले, पण आनंदाने मोजले.