ग्राफिक्स कार्डांची तुलना : फक्त जीबी बघून फसू नका



आजचा पाठ एका खोक्यावरून सुचला. माझा एक जुना विद्यार्थी ते घेऊन घरी आला होता, सोबत त्याचे वडील. वडील पेणजवळ गणपतीच्या कारखान्यात काम करतात. मुलाला संगणकावर मूर्तीचं थ्रीडी मॉडेल करायला शिकायचंय, म्हणून सीझनच्या पैशांतून त्यांनी ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानात दोन कार्डं दाखवली होती, एक २ जीबीचं आणि एक ४ जीबीचं. "दुप्पट जीबी, म्हणून ४ चं घेतलं. पण बाई, मॉडेल फिरवलं की अडकतं. असं का?" मुलाने विचारलं.

खोक्यावर सगळं छापलेलं होतं, फक्त ते वाचायचं कसं हे कोणी शिकवलं नव्हतं. चला, आज तेच शिकूया.

ग्राफिक्स कार्ड काय करतं?

पडद्यावरचं चित्र लाखो ठिपक्यांचं असतं. प्रत्येक ठिपक्याचा रंग पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. गणित सोपं, पण संख्या प्रचंड. म्हणून या कार्डात शेकडो-हजारो छोटे कोअर एकाच वेळी काम करतात. अशी एकत्र आकडेमोड इतर कामांनाही लागते. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' महासंगणक याच जातीच्या चिप्सवर चालतो. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तो ६३ वा होता.

जीबी म्हणजे जागा, वेग नव्हे

कार्डाची मेमरी म्हणजे सामान ठेवायची खोली. खोली मोठी असली तरी दार अरुंद असेल, तर सामान आत-बाहेर करायला वेळ लागणारच. त्या दाराचा हिशोब दोन आकड्यांवर असतो.

१. बस किती बिटची (६४, १२८, १९२ वगैरे)
२. मेमरीचा वेग (गिगाबिट प्रति सेकंद)

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. रोहा ते वीर दुहेरी मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. वीरच्या पुढे बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ, म्हणून क्रॉसिंगला गाडी थांबते. इंजिन कितीही दमदार असलं तरी मार्ग मोकळा हवा. बस म्हणजे किती रूळ, मेमरीचा वेग म्हणजे त्यावरची गाडी किती वेगात.

दोन्हींचा गुणाकार करून ८ ने भागायचं (८ बिट म्हणजे १ बाइट). येणारं उत्तर म्हणजे बँडविड्थ, एका सेकंदात किती गिगाबाइट माहिती ये-जा करते ते.

आता खोकं वाचूया

मुलाने घेतलेलं कार्ड : जीटी ७३०, ४ जीबी, डीडीआर३, ६४ बिट, वेग १.८
६४ × १.८ ÷ ८ = १४.४ गिगाबाइट प्रति सेकंद

त्याने नाकारलेलं कार्ड : जीटी १०३०, २ जीबी, जीडीडीआर५, ६४ बिट, वेग ६
६४ × ६ ÷ ८ = ४८ गिगाबाइट प्रति सेकंद

जागा निम्मी, पण ये-जा तिपटीहून जास्त! गंमत म्हणजे दोन्हींत कोअर ३८४ च आहेत. पण जीटी ७३० आलं २०१४ ला, जीटी १०३० आलं २०१७ ला. पिढी बदलली की कोअरही बदलतो आणि त्याचा वेगही. पहिल्याचा वेग साधारण ९०० मेगाहर्ट्झ, दुसऱ्याचा १४०० च्या वर. म्हणून कोअरची संख्या एकाच पिढीतल्या कार्डांमध्येच तोलायची.

नाव तेच, माल वेगळा

इथे मोठी माणसंही फसतात. २०१८ मध्ये जीटी १०३० चाच डीडीआर४ मेमरीचा प्रकार बाजारात आला. २ जीबी तेवढेच, ६४ बिटही तेच, पण मेमरीचा वेग २.१.
६४ × २.१ ÷ ८ = १६.८
म्हणजे मूळच्या ४८ वरून थेट १६.८. अनेक खेळांत त्याचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. जीटी ७३० चेही असेच तीन प्रकार आहेत. म्हणून नुसतं नाव सांगून कार्ड मागू नका. मेमरीचा प्रकार आणि बिट दोन्ही विचारा.

कागदावरचा आकडा आणि खरं काम

गणित अंदाज देतं, पण शेवटी काम बघायचं. खेळासाठी एका सेकंदात किती चित्रं येतात ते मोजतात. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलीसेकंद. थ्रीडी कामात तयार चित्र व्हायला किती वेळ लागला ते बघतात. मात्र चाचणी करताना संगणक, मॉडेल आणि सेटिंग तीच ठेवून फक्त कार्ड बदलायचं. वर्गातल्या प्रयोगात आपण एकच गोष्ट बदलतो ना, तसंच.

आणि वीज विसरू नका. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. जीटी १०३० चं जीडीडीआर५ कार्ड ३० वॅटमध्ये भागतं. १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० घेतलं तर वेगळी वायर आणि दमदार पॉवर सप्लाय लागतो. तो खर्च आधीच धरा.

मग जीबी बिनकामाचे का?

अजिबात नाही. मॉडेल मोठं झालं आणि मेमरीत मावलंच नाही, तर वेगवान कार्डही अडतं. म्हणून आधी काम ठरवा, त्याला जागा किती लागते ते बघा आणि तेवढी जागा असलेल्या कार्डांमध्ये बँडविड्थ तोला.

फळ्यावरचं गणित बघून मुलाचे वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की. मूर्ती किती फुटांची ते कोणीही सांगेल. पण डोळ्यांची आखणी बघूनच जाणकार गिऱ्हाईक मूर्ती उचलतं." याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं.

दुकानाने कार्ड परत घेतलं नाही. सध्या मुलगा त्यावरच साधी, छोटी मॉडेलं करतोय. पुढच्या सीझननंतर दुसरं घ्यायचं ठरलंय. या वेळी खोकं तोच वाचणार आहे.

स्वाध्याय

१. आरटीएक्स ३०६० : १२ जीबी, १९२ बिट, वेग १५.
आरटीएक्स ३०६० टीआय : ८ जीबी, २५६ बिट, वेग १४.
दोन्हींची बँडविड्थ काढा.
२. ही दोन्ही एकाच पिढीतली. कोअर अनुक्रमे ३५८४ आणि ४८६४. मॉडेल ६ जीबीत मावत असेल तर कोणतं घ्याल? १० जीबी लागत असतील तर?
३. घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकाचं कार्ड कोणतं ते शोधून वहीत लिहा.

उत्तरे : १) ३६० आणि ४४८ गिगाबाइट प्रति सेकंद. २) ६ जीबीसाठी ३०६० टीआय, १० जीबीसाठी ३०६०.

गणित आधी स्वतः करा, मगच उत्तर बघा बरं का!