बेंगळुरू: शहराचा परिचय, आणि सरबताच्या स्टॉलविषयी जरा जास्त

स्मरणिका समितीने यजमान शहराचा परिचय लिहायला सांगितला आणि वर ‘इतिहास थोडक्यात’ अशी सूचनाही दिली. ती आनंदाने पाळते. 1537 मध्ये केंपेगौडांनी मातीचा किल्ला बांधून पेठ वसवली. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने ती घेतली आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली. म्हणजे आपली, मराठी माणसांची, ये-जा आयटीच्या कितीतरी आधीची. कुणी ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणालं तर हे मनातल्या मनात आठवावं, मोठ्याने बोलू नये. मल्लेश्वरममधलं काडु मल्लेश्वर मंदिर व्यंकोजीराजांच्या काळातलं. पुढे वाडियार, हैदर, टिपू, इंग्रजांची छावणी, मग कारखाने आणि संगणक. लालबाग पाहा, बसवनगुडीत डोसा खा. झाला परिचय.

उरलेली जागा मी एका वेगळ्याच कामाला देते. नव्याने आलेली कुटुंबं दर उन्हाळ्यात विचारतात: मुलांना घेऊन लिंबू सरबताचा स्टॉल लावायचाय, जमलेले पैसे एखाद्या संस्थेला द्यायचेत, काय करावं लागतं? आम्ही आलो तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

कल्पना उत्तमच आहे. अमेरिकेत ॲलेक्स स्कॉट या चार वर्षांच्या कर्करुग्ण मुलीने 2000 साली असाच स्टॉल लावला. 2004 मध्ये ती गेली तोवर दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. आपल्याकडे पाणपोया होत्याच, आणि गल्लीच्या आनंदमेळ्यात सरबताचं टेबल हमखास असायचं. पण मिरजेच्या गल्लीत टेबल मांडणं वेगळं आणि इथे वेगळं.

पहिलं परवानगीचं. फुटपाथवर मांडू नका. तिथे विक्रीला प्रमाणपत्र लागतं आणि ते फेरीवाल्यांच्या पोटाचं आहे. अपार्टमेंटच्या आवारात लावा, पण असोसिएशनकडून लेखी घ्या. लेखीच. आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये तोंडी ‘हो’ मिळालं आणि रविवारी सकाळी सिक्युरिटीवाल्याने टेबल उचलायला लावलं: भाडेकरूंना सामाईक जागा वापरता येत नाही म्हणे. दहा महिन्यांचं डिपॉझिट घेताना भाडेकरू चालतो! तेव्हा अर्जावर घरमालकाचीही सही घ्या. भाडेकरार करतानाच त्यांच्याशी गोड बोलून ठेवा.

शिवाय 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत छोट्या व्यावसायिकांच्या व्याख्येत तात्पुरता स्टॉल लावणारा आणि सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येतो. नोंदणी ऑनलाइन होते. ‘मुलांचा तर खेळ आहे’ हे उत्तर तपासायला आलेल्या माणसाला पुरत नाही. हा व्याप नको असेल तर ज्याच्याकडे नोंदणी आहे अशाच्या छत्राखाली, मेळ्यात वगैरे, जागा मागा.

दिवस निवडताना रामनवमी टाळा. त्या दिवशी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर पानक, ताक आणि कोसंबरी फुकट वाटतात. ती मुगाच्या डाळीची कोसंबरी हातावर पडली की चैत्रगौरीची डाळ-पन्हं आठवून घसा दाटतो, पण तुमचं सरबत कोण विकत घेणार? त्या दिवशी वाटायला उभे राहा, विकायला नको. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. एप्रिलमध्ये दुपारनंतर वळवाचा पाऊस कधी येईल नेम नाही.

पाण्याबाबत मी हट्टी आहे. कावेरीचं पाणी साधारण 100 किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच चढवून शहरात येतं, आणि बाहेरच्या भागांत कित्येक ठिकाणी येतही नाही. तिथे नळाला बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. जड, मचूळ. सरबताची चव जातेच, कुणाचं पोट बिघडलं तर तुमचं नावही. सीलबंद 20 लिटरचा कॅन घ्या. त्यात 200 मिलीचे शंभरेक पेले होतात, त्याला साधारण पन्नास रसदार लिंबं आणि दोन-अडीच किलो साखर. साखरेचा पाक घरून करून न्या, लिंबं तिथेच पिळा, साल दाबून पिळलं की कडवट होतं. बर्फ ओळखीच्या दुकानातून, खाण्याचाच आणा. न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग घालायचा नियम 2018 पासून आहे, पण लादी पांढरी दिसली म्हणून विश्वास टाकू नका.

प्लास्टिकचे पेले कर्नाटकात 2016 पासून बंद आहेत, स्ट्रॉ 2022 पासून. स्टीलचे वापरा.

पाटीवर कन्नड वर आणि मोठं, मग इंग्रजी, हवं तर खाली मराठी. दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. तुमच्या टेबलाला तो लागू नसेल, पण शेजाऱ्यांच्या मनाला लागू असतो. मुलांना किंमत कन्नडमध्ये सांगता आली तर गिऱ्हाईक हसून दुसरा पेला घेतं, हा अनुभव.

आता पैसे. स्वतःचा क्यूआर कोड लावू नका. 2025 च्या जुलैत इथल्या अनेक छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या नोंदींवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि बऱ्याच जणांनी कोडच काढून टाकले. तुमची रक्कम जीएसटीच्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाही, पण दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यातून फिरवायचाच कशाला? संस्थेकडून तिचाच कोड मागून घ्या आणि तो छापून लावा. रोख जमेल ती दोघांसमोर मोजा, आकडा सोसायटीच्या गटावर त्याच संध्याकाळी टाका, पावती आली की तीही. 80जीची सवलत 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला नाही आणि नव्या करपद्धतीत तर मुळीच नाही. आणि शेजाऱ्यांच्या दहा-दहा रुपयांची पावती स्वतःच्या पॅनवर घेऊन करसवलत लाटणं, माफ करा, मला चोरी वाटते. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आत्याने कौतुकाने डॉलर पाठवायचं म्हटलं तर थांबवा: ती विदेशी देणगी ठरते, संस्थेला एफसीआरए नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच यावे लागतात.

इतकं केलंत तर मुलं पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच मागे लागतात. आपल्या मंडळातल्या मुलांनी सरबताचं टेबल ज्या नेटाने चालवलंय ते पाहून ऊर भरून येतो. मोठ्यांनी मात्र फोटोपुरतं येऊ नये, लिंबं पिळायलाही यावं.

मंडळाच्या कोठीत दोन पिंपं आणि स्टीलचे पेले आहेत. हवे असतील तर आठवडाभर आधी कळवा, आणि परत करताना मोजून, घासून द्या.