गरोदर बाईच्या मनाचीही विचारपूस करा



घरात सुनेला दिवस गेले की आपण तिचे डोहाळे पुरवतो, धनुर्वाताचे इंजेक्शन देतो, लोहाच्या गोळ्या आणतो. हे चांगलेच. पण ती गप्प गप्प राहू लागली, अन्न गोड लागेना, झोप येईना, चुलीपुढे बसल्या बसल्या डोळे भरून येऊ लागले, तर? कोणी म्हणते नखरे, कोणी अंगारा आणते. असे रोजचे दोन आठवडे चालले, तर ते नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधाही नव्हे. त्या आजाराला नैराश्य म्हणतात आणि तो बरा होतो.

गोव्यात म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या गरोदर बायकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी शंभरातल्या २३ जणींना हा आजार दिसला. त्यांतल्या बहुतेकींचे मन गरोदरपणीच खचलेले होते. कारणे काय? गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मारहाण, आणि पहिली मुलगी असताना पुन्हा मुलगीच झाली हे दुःख. आता मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, मग बोलणी बाईने का खावीत?

आपल्याकडेही पाहा. भात निघाले की पश्चिम पट्ट्यातली कितीतरी जोडपी नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. काखेत अंगावर पिणारे पोर, पोटात दुसरे, आणि दिवसभर वाकून कांदालागण. अशा बाईचे मन थकणारच! दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवा, ते यासाठीही. तांबी बाळंतपणानंतर दवाखान्यातच बसवता येते. दोघांनी मिळून नर्सबाईंशी आधीच बोलून ठेवा.

धनी मंडळी, पहिली खूण तुम्हालाच दिसेल. शेजारी बसा, "काय होतंय गं?" एवढे विचारा आणि मधे न बोलता ऐका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तेव्हा सोबत जा आणि हेही सांगा. अंगात रक्त कमी असले तरी थकवा येतो, म्हणून रक्तही तपासून घ्या. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणू नका.

"मला जगायचं नाही" असे ती बोलली, तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी घोडेगाव, मंचर, जुन्नर किंवा नारायणगाव, जे जवळ असेल तिथल्या सरकारी रुग्णालयात न्या. रात्र असली तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन लावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.