राखणीच्या कुत्र्याचा स्वभाव एकाएकीं पालटल्यास

कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय. खळ्यावरील धान्य, गोठ्यांतील गुरें व घरांतील मुलेंबाळें यांची राखण तो वर्षानुवर्षें इमानानें करितो. असा कुत्रा एके दिवशीं धन्यावरच गुरगुरूं लागला म्हणजे कोणी त्यास मस्ती आली असें समजून काठीनें झोडपतो, तर कोणी ‘आपलाच कुत्रा’ म्हणून निर्धास्तपणें जवळ जातो. हे दोन्ही मार्ग घातक आहेत. स्वभावांतील असा पालट हें बहुधा रोगाचें किंवा वेदनेचें चिन्ह असतें. आणि खरें कारण कळेपर्यंत पहिली शंका पिसाळण्याचीच घ्यावी.

पिसाळण्याचीं लक्षणें

या रोगाचे विषाणू रोगी जनावराच्या लाळेंत असतात व चाव्यावाटें शिरून मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूपर्यंत पोहोंचतात. चाव्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधीं कधीं महिनेही लोटतात. त्यामुळें शिवारांत झालेलें एखादें भांडण धनी विसरूनही गेलेला असतो. प्रथम मायाळू कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यांत जाऊन बसतो, तर बुजरा उगाच लगट करूं लागतो. पुढें तो लाकूड, माती, चिंध्या चावतो, आवाज घोगरा होतो, घर सोडून लांब भटकतो व आडवें येईल त्यास चावतो.

दुसरा प्रकार मुका असून तो अधिक फसवा आहे. यांत कुत्रा चावावयास धांवत नाहीं. त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते व घांस गिळतां येत नाहीं. घशांत हाड अडकलें असें वाटून धनी तोंडांत हात घालतो आणि बोटांवरील खरचटलेल्या जागेंतून रोग शरीरांत शिरण्याचा धोका ओढवून घेतो. गाय किंवा बैल पिसाळला असतांही हीच चूक घडते. ‘पाणी पितो तो कुत्रा पिसाळलेला नव्हे’ हाही समज खोटा आहे. पाण्याचें भय हें मनुष्यास होणाऱ्या रोगाचें लक्षण आहे, कुत्र्यांत तें दिसत नाहीं.

इतर कारणें

कानांतील पू, किडलेला दांत, पायांत रुतलेला काटा, गोचिडांपासून येणारा ताप यांच्या वेदनेनें गरीब कुत्राही अंगास हात लावूं देत नाहीं. म्हातारपणीं दृष्टि वा कान गेलेला कुत्रा दचकून चावतो. नुकतीच व्यालेली कुत्री पिलांजवळ कोणास येऊं देत नाहीं. फवारणीचें औषध पोटांत गेल्यास लाळ व थरथर दिसते. यांचा निवाडा पशुवैद्यानें करावा. आपण दुरूनच तो लंगडतो कीं काय, मान झटकतो कीं काय, कोणती जागा चाटतो, हें पाहून त्यांस सांगावें.

काय करावें

१. कुत्र्यास मारूं नये, हांकलूनही देऊं नये. खाण्याच्या आमिषानें बंद खोलींत घेऊन दुरूनच अन्नपाणी द्यावें. मुलें व गुरें दूर ठेवावीं आणि पशुवैद्यास कळवावें.

२. कोणास चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद कांहीं लावूं नये.

३. त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. जखमेंतून रक्त आलें असल्यास लशीबरोबर जखमेंत दुसरें प्रतिविषाणू औषधही टोंचावें लागतें. चावल्यापासून १० दिवस कुत्रा निरोगी राहिला तर त्या वेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें ठरतें. परंतु तेवढे दिवस लशीवांचून थांबूं नये.

पोटांतील चौदा सुयांच्या भीतीनें पुष्कळ लोक अद्याप लस टाळतात. ती जुनी लस भारतांत २००४ सालच्या अखेरीस बंद झाली. आतां दंडांत थोड्याच मात्रा घ्याव्या लागतात. उलट, लक्षणें उमटल्यावर या रोगांतून मनुष्य जवळ जवळ कधींच वांचत नाहीं.

म्हणून पिलूं तीन महिन्यांचें होतांच त्यास लस टोंचवावी व पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें ती दरवर्षीं द्यावी. बैलाच्या नालबंदीची आठवण जो शेतकरी चुकवीत नाहीं, त्यास ही एक तारीख ध्यानांत ठेवणें जड नाहीं. आणि तीवर कुत्र्याचा, गोठ्याचा व घरांतील लेंकरांचा जीव अवलंबून आहे.