मुंगो राष्ट्रीय उद्यान : आटलेलं तळं आणि प्राचीन माणूस

मुलांनो, तळं म्हटलं की पाणी आलंच. पण ऑस्ट्रेलियातलं मुंगो हे तळं हिमयुग संपता संपताच आटलं. न्यू साउथ वेल्स राज्यात, मिल्ड्युरा शहरापासून साधारण ११० किलोमीटरवर हे राष्ट्रीय उद्यान आहे. रस्ता बराचसा कच्चा, पाऊस झाला की बंद! दुकान, पेट्रोलपंप काही नाही.

तळ्यात पाणी होतं तेव्हा लोक इथे मासे, शिंपले खाऊन राहत. पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेच्या काठावर वाळू-माती साचून चंद्रकोरीसारखी लांबलचक टेकडी झाली. आता तोच वारा आणि पाऊस ती टेकडी झिजवतात, आणि पोटात दडलेलं वर येतं.

१९६८ साली भूवैज्ञानिक जिम बाउलर यांना इथे जळलेली हाडं दिसली. ती एका स्त्रीची निघाली. माणसाने माणसाचं दहन केल्याचा हा जगातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. १९७४ साली त्यांनाच एका पुरुषाचा सांगाडा सापडला. वय पन्नाशीच्या आसपास, उजव्या कोपराला संधिवात. अंगावर लाल गेरू टाकलेला. हो, आपण तुळशीवृंदावनाला लावतो तसाच गेरू! आणि तो या परिसरात मिळत नाही, म्हणजे मुद्दाम लांबून आणला होता. ही दोन्ही माणसं सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीची.

आता तुम्ही विचाराल, तिथे गेलं की हा सांगाडा बघायला मिळतो का? नाही. संशोधनासाठी तो कॅनबेराला नेला होता. पण पाकान्ची, मुथी मुथी आणि न्गियाम्पा या आदिवासींसाठी ते आपले पूर्वज. त्यांनी अनेक वर्षं मागणी लावून धरली. स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये परत आले, पुरुषाचे २०१७ मध्ये, शववाहिकेतून. २०२२ मध्ये दोघांनाही पुन्हा मातीत ठेवलं. त्यावरही एकमत नव्हतं; काही वंशजांना ही घाई वाटली. अभ्यास थांबल्याची हळहळ मलाही वाटते, पण आपल्या आजोबांच्या अस्थी कुणी कपाटात ठेवल्या तर?

टेकडीवर मनाला येईल तसं फिरता येत नाही. लाकडी वाटेवरून बघायचं, पुढे जायचं तर वाटाड्यासोबतच. २००३ मध्ये जवळच सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची पावलंही सापडली, त्यात लहान मुलांचीसुद्धा. झीज होऊ नये म्हणून मूळ पावलं वाळूखाली झाकून ठेवली आहेत. माहिती केंद्रापाशी त्यांची हुबेहूब प्रतिकृती आहे, ती मात्र जवळून बघता येते.