पुढचा टायर आधी ठरवा

ऑटोक्रॉसमध्ये वेळ हातातून निसटतो तो वळणाच्या तोंडाशी. मोकळ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी शंकू मांडून आखलेला मार्ग, एका वेळी एक गाडी, मिनिटभराच्या आसपास सगळा खेळ आणि शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. सरळ रस्ता मिळतो न मिळतो तोच पुढचं वळण येतं. अशा मार्गावर गाडीचं नाक किती लवकर वळतं यावर निकाल लागतो आणि ते काम पुढच्या दोन टायरांचं असतं. तरीही टायर घ्यायला निघालेला माणूस आधी मागचे, दिसायला दणकट टायर ठरवतो आणि पुढे मग जे जमेल ते बसवतो. माझं सांगणं उलट आहे: पुढचा टायर आधी ठरवा, मागचा त्याच्या मागोमाग ठरेल.

आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेकदा मातीच्या मैदानात होते. तिथला हिशेब वेगळा. खालची कृती डांबर आणि काँक्रीटसाठी आहे आणि नियम अमेरिकेतल्या एससीसीएचे, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाचे, धरले आहेत. आपली बरीच मराठी मंडळी तिकडे नोकरीला आहेत. गॅरेजमध्ये जुनी स्पोर्ट्स कार असेल, तर ही कृती त्यांना थेट उपयोगी पडेल.

उदाहरण घेतलंय होंडा एस २००० चं, २००४ नंतरच्या मॉडेलचं. कंपनीकडून तिला पुढे ७ इंची रिमवर २१५/४५ आर १७ आणि मागे ८.५ इंची रिमवर २४५/४० आर १७ टायर येतात. वजन सुमारे १२९० किलो, आणि ते पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं. मग मागचा टायर ३० मिलिमीटरने रुंद कशासाठी? १९९९ साली आलेल्या पहिल्या मॉडेलची शेपूट फार चटकन सुटते अशी तिची ख्याती होती. २००४ मध्ये होंडाने मागच्या सस्पेन्शनमध्ये बदल करून तिला जरा शांत केलं. पुढचे टायर अरुंद असले की अंदाज चुकलेल्या चालकाची गाडी गरकन फिरत नाही, सरळ पुढे घसरते. रस्त्यावर हे शहाणपणाचंच आहे. शंकूंच्या मैदानात मात्र स्टीअरिंग वळवलंय आणि गाडी अजून सरळच चालली आहे, असं होतं आणि अर्धा सेकंद गेलेला असतो.

लागणारं सामान

मोजपट्टी, एक लांब सरळ पट्टी, पांढरा खडू, भरवशाचा प्रेशर गेज, मुलांची रंगीत खेळमाती, वही आणि मनात असलेल्या प्रत्येक टायरचं कंपनीने दिलेलं मापपत्रक. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कोणी बघत नाही.

कृती

आधी नियमावली वाचा. टायर आवडला, घेतला आणि मग वर्गात बसेना, असं होऊ देऊ नका. एससीसीएच्या स्ट्रीट प्रकारात, म्हणजे जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या वर्गात, रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते. व्यास एक इंच कमी-जास्त चालतो, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) ७ मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे चालतो आणि टायरचा ट्रेडवेअर आकडा (रबर किती टिकतं याचं माप) किमान २०० लागतो. टायरच्या मापावर तसं बंधन नाही. मडगार्डला हात न लावता बसला पाहिजे, एवढंच. म्हणजे एस २००० वाल्याचा सगळा प्रश्न एका वाक्यात येतो: पुढच्या ७ इंची रिमवर काय चढवायचं? मोठ्या बदलांची मुभा देणाऱ्या वर्गांमध्ये प्रश्नच बदलतो. तिथे ९ इंची रिम आणि चारही कोपऱ्यांना २५५/४० आर १७ हा या गाडीचा ओळखीचा साज आहे.

आता रिम आणि टायर यांची सोयरीक जुळवा. प्रत्येक टायरला किती ते किती इंची रिम चालते, हे मापपत्रकात दिलेलं असतं. २१५/४५ ला साधारण ७ ते ८ इंच, २२५/४५ ला ७ ते ८.५, २४५/४० ला ८ ते ९.५. याचा अर्थ ७ इंची रिमवर कंपनीच्या हिशेबात बसणारा सर्वांत रुंद टायर २२५. मैदानात याच रिमवर २४५ चढवणारेही भेटतात. तो टायर चढतो, पण रिमच्या कडा त्याला दोन्ही बाजूंनी आत ओढतात, साइडवॉल बाहेर फुगते आणि स्टीअरिंग वळवल्यावर आधी साइडवॉल वाकते, मग गाडी वळते. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते, हा ठोकताळा लक्षात ठेवा. ८.५ इंची रिमवर मोजलेला २४५ चा टायर ७ इंची रिमवर २३० च्या आसपास येतो. पैसे २४५ चे, वजन २४५ चं, हाती येते रुंदी २३० ची. ज्या गाडीने घरून मैदानात जायचं आणि त्याच टायरांवर परत यायचं, तिला कंपनीच्या मर्यादेबाहेरचा टायर बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साइडवॉलवरचा आकडा म्हणजे टायरची एकूण रुंदी, फुगवट्यासकट. रस्त्याला टेकतो तो नक्षीचा पट्टा, आणि त्याची रुंदी वेगळी असते. मापपत्रकात तिचा स्वतंत्र रकाना असतो. एका कंपनीच्या २२५ चा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या २३५ एवढा भरू शकतो. म्हणून ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, फाल्कन आरटी६६० यांसारख्या २०० आकड्याच्या टायरांची तुलना करताना वहीत चार रकाने पाडा: पट्ट्याची रुंदी, एकूण रुंदी, व्यास, वजन. साइडवॉलवरचा आकडा पाचव्या रकान्यात गेला तरी चालेल.

रुंदीने नेमकं काय मिळतं, हेही समजून घ्या. या गाडीच्या पुढच्या एका चाकावर उभ्या स्थितीत सुमारे ३२० किलो भार येतो. ३२ पौंड हवेला जमिनीला टेकलेला भाग साधारण १४५ चौरस सेंटिमीटर भरतो, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. टायर रुंद केला म्हणून हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण ते मुख्यतः भार आणि हवा ठरवतात. बदलतो तो आकार. पट्टा १८ सेंटिमीटर रुंद असेल तर टेकलेला भाग ८ सेंटिमीटर लांब. २० सेंटिमीटर असेल तर सव्वासात. आखूड आणि रुंद आकार वळणात कमी पिळला जातो, रबरावर ताण सारखा वाटला जातो आणि बाहेरच्या चाकावर भार चढला तरी पकड तितकी घसरत नाही. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, ती जरा कमीच वाढते. पुढचा टायर रुंद केल्यावर गाडी सरळ निसटायची थांबते ती यामुळे.

मग व्यासाचा हिशेब मांडा. सूत्र सोपं आहे: टायरची रुंदी गुणिले साइडवॉलची टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर. यावरून २१५/४५ चा व्यास ६२५.३ येतो, २४५/४० चा ६२७.८, २२५/४५ चा ६३४.३ आणि २५५/४० चा ६३५.८. होंडाने पुढचं चाक मागच्यापेक्षा जेमतेम अडीच मिलिमीटरने लहान ठेवलं आहे. एबीएस चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असतं, म्हणून पुढच्या-मागच्या व्यासाचं हे प्रमाण शक्यतो मोडू नका. फक्त पुढे २२५/४५ घातला आणि मागे २४५/४० तसाच ठेवला, तर पुढचं चाक मागच्यापेक्षा साडेसहा मिलिमीटरने मोठं होतं. फरक एका टक्क्याचा आहे, गाडी चालेल, पण नाक वर आणि शेपूट खाली, हा पवित्रा मला पसंत नाही.

आता मागचा टायर. इथे घाईने गाडी बिघडते. पुढची पकड वाढवली आणि मागची तेवढीच राहिली, की जी शेपूट होंडाने प्रयत्नपूर्वक आवरली होती ती पुन्हा सुटू लागते. म्हणून पुढे जेवढं वाढवाल, तेवढं मागेही वाढवा. पुढे २२५/४५ असेल तर मागे २५५/४०: दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर वाढले आणि व्यासातला फरक दीड मिलिमीटरवर आला. ८.५ इंची रिमवर २५५/४० कंपनीच्या मर्यादेतही बसतो. २००८ मध्ये आलेल्या सीआर मॉडेलला होंडाने स्वतः मागे हाच टायर दिला होता. याची किंमत एवढीच, की गियर सव्वा टक्क्याने लांब होतो आणि दुसऱ्या गियरचा कमाल वेग तासाला किलोमीटरभराने वाढतो. शंकूंमध्ये बहुतेक वेळ दुसऱ्या गियरमध्येच जातो, तेव्हा काही मार्गांवर तिसरा टाकायची वेळ टळली तर तो फायदाच. संतुलन साधायचं थोडंसं उरलं, तर ते वळणात गाडीचं कलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारवर सोडा. स्ट्रीट प्रकारात पुढचा किंवा मागचा, कोणताही एक बदलता येतो.

टायर विकत घेण्याआधी जागा मोजा. गाडी जमिनीवर उभी असताना सरळ पट्टी चाकाला लावून मडगार्डपर्यंतचं अंतर घ्या, मग स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतल्या अस्तरापर्यंतचं. टायर बसवल्यावर जिथे घासेल अशी शंका आहे तिथे खेळमातीच्या गोळ्या चिकटवा, सावकाश खड्ड्यावरून गाडी न्या, स्टीअरिंग वळवून ब्रेक दाबा आणि परत येऊन गोळ्या बघा. चेपलेली गोळी किती जाड उरली, तेवढीच तुमच्याकडे जागा आहे.

मैदानात पहिल्या फेरीआधी टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, चार ठिकाणी खडूच्या आडव्या रेघा ओढा. बऱ्याच टायरांवर त्या जागी लहानसा त्रिकोण असतो. फेरी झाली की बाहेरच्या बाजूची रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसली असेल तर हवा योग्य. त्रिकोण ओलांडून रेघ साइडवॉलवरही पुसली असेल, तर टायर लोळतोय: दोन पौंड हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरंच अलीकडे रेघ शाबूत असेल, तर दोन पौंड कमी करा. सुरुवात होंडाच्या ३२ पौंडांपासून करा. दोन-तीन फेऱ्यांत टायर गरम झाला की हवा आपोआप चढते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर गेज लावा आणि आकडा लिहून ठेवा. हवा वाढवूनही बाहेरचा खांदाच झिजत असेल, तर दोष मापाचा नाही, कॅम्बरचा, म्हणजे उभ्या चाकाच्या आत-बाहेर कलण्याचा आहे. अलाइनमेंटवाल्याकडे जा आणि कंपनीच्या समायोजनात मिळेल तेवढा ऋण कॅम्बर पुढे घ्या. तो न घेता टायर अजून रुंद करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

माझा निर्णय असा: स्ट्रीट प्रकारात उतरणाऱ्या आणि एरवी रस्त्यावर धावणाऱ्या एस २००० ला पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २५५/४० आर १७ लावावेत, चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे. नियमावली दर वर्षी सुधारली जाते. पैसे मोजण्याआधी चालू वर्षाची प्रत वाचा. आणि चाकं बदलल्यावर नट १०८ न्यूटन-मीटरलाच आवळा.