चेहरा आणि उजेड

पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकच फोटो असतो. तोही लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला. नाक-डोळे नीट दिसत नाहीत. माणूस गेल्यावर फोटोची आठवण होते. पण मग काय उपयोग? माणूस समोर आहे तोवरच त्याचा चांगला फोटो काढून ठेवावा.

आता मोबाईल घरोघरी आला आहे. तरी घरातला फोटो काळा का येतो? फोटो निघतो तो उजेडाने. यंत्र तो उजेड फक्त धरून ठेवते. फोटोला छायाचित्र म्हणतात. छाया म्हणजे सावली. उजेड आणि सावली मिळूनच चेहरा उमटतो.

जुने फोटोवाले काय करत?

फ्रान्स देशात दागेर याची फोटो काढण्याची रीत १८३९ साली जाहीर झाली. पुढे १८५४ साली मुंबईत फोटोची हौस असलेल्यांनी संस्था काढली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले फोटोवाले. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. फोटोवाले काचेच्या छपराची खोली बांधत. काचेखाली पडदे लावत. जिथे उजेड हवा तिथला पडदा सरकवत. तीच युक्ती आपण घरात करू शकतो.

जागा कोणती निवडावी?

भोर-वेल्ह्याकडे पाऊस फार. म्हणून जुन्या घरांची छपरे खाली उतरलेली आणि खिडक्या लहान. माजघरात दिवसाही अंधार असतो. फोटोसाठी माणसाला दाराच्या आत दोन-तीन हातांवर बसवावे. दारातून ऊन थेट आत येत असेल तर दुसरे दार पाहावे, नाहीतर दाराला पातळ पांढरे लुगडे लावावे. उन्हात डोळे मिचकतात आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. उत्तरेचे दार चांगले. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. बाकीच्या दिवसांत भर दुपारी उत्तरेच्या दारातून ऊन आत येत नाही, पण उजेड मिळतो.

कसे बसवावे?

एक आजी दाराकडे पाठ करून बसली. नातवाने फोटो काढला. आजी बघून म्हणाली, "आरं, ह्यात माझं तोंड कुठं हाय? नुसती सावलीच दिसतीया!"

नातू म्हणाला, "आजी, उजेड तुझ्या पाठीला हाय. दार डाव्या हाताला घे. आता मान जराशी दाराकडं वळव."

या वेळी डावा गाल उजळला, पण उजवा काळाच राहिला. मग सुनेने उजव्या बाजूला धुतलेले पांढरे धोतर धरले. दारातला उजेड धोतरावर पडला आणि उलटून आजीच्या गालावर आला. आता सुरकुत्या दिसल्या. कपाळावरचे गोंदणही दिसले.

आजी म्हणाली, "आता मी माझ्यावाणी दिसती!"

यात सारे शिक्षण आले. पाठीमागून उजेड आला तर चेहरा काळा पडतो. अगदी समोरून आला तर चेहरा सपाट दिसतो. बाजूने आला तर नाक, गाल, सुरकुत्या उठून दिसतात. काळी बाजू पांढऱ्या कापडाने उजळता येते. भिंत हिरवी किंवा निळी असेल तर माणसाला तिच्यापासून दूर बसवावे. नाहीतर तोच रंग गालावर उतरतो.

रात्री काय करावे?

डोक्यावरच्या दिव्याखाली बसवू नये. डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो. दिवा बाजूला, डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवावा. त्याचा झोत पांढऱ्या भिंतीवर टाकला तर उजेड मऊ होऊन येतो. उघड्या दिव्यापासून दोन हातांवरचा माणूस चार हातांवर गेला, तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून दिवा जवळ असावा. दिवसा मात्र पिवळा दिवा बंद करावा. नाहीतर एक गाल पिवळा आणि एक निळसर येतो.

उजेड कमी असला की यंत्राचा डोळा जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्यात हात हलला की फोटो पुसट होतो. म्हणून कोपर खांबाला टेकवावे.

कागदपत्रांचा फोटो

ओळखपत्राच्या फोटोची रीत वेगळी. तिथे दोन्ही गालांवर सारखा उजेड हवा. दाराकडे सरळ तोंड करून बसावे. मागे पांढरी भिंत असावी आणि तिच्यापासून दोन हात पुढे बसावे, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांना मोबाईलला चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१ साली झाली. अंधारात यंत्र चेहरा ओळखत नाही. म्हणून आजोबांना आधी उजेडात आणावे.

ध्यानात ठेवा

१. आधी मोबाईलची काच मऊ कापडाने पुसा.
२. दार माणसाच्या बाजूला असू द्या.
३. काळ्या बाजूला पांढरे कापड धरा.
४. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, मग फोटो काढा.

सांगा पाहू

१. आजीचा पहिला फोटो काळा का आला?
२. पांढऱ्या धोतराने कोणते काम केले?
३. तुमच्या घरात फोटोसाठी सर्वांत चांगली जागा कोणती? घरातल्या सर्वांत वडील माणसाला तिथे बसवून एक फोटो काढा. त्याच्या मागे नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहून ठेवा.